विटपाचा घाव : प्रस्तावना

सुश्रुताने मानवी देहात जी १०७ मर्मे मोजली त्यांत वंक्षण आणि वृषण यांच्या मध्ये, अवघ्या एका अंगुळाच्या जागेत, विटप नावाचे मर्म दोन्ही बाजूंस सांगितले आहे. आणि तेथे आघात झाला असता माणूस मरत नाही, पण त्यास षांढ्य किंवा अल्पशुक्रता येते, असे त्याचे फलही नमूद केले आहे. मर्मांचे जे वर्ग त्या संहितेत पाडले आहेत त्यांत विटपाची गणना प्राण हरण करणाऱ्यांत नसून वैकल्यकरांत होते. आजच्या शल्यविशारदाने त्याच जागी बोट टेकले तर त्याच्या बोटाखाली वृषणरज्जू येतो, आणि त्या रज्जूतील रक्तवाहिन्यांच्या मऊ जुडग्यात, पीळ घातलेल्या सुतळीसारखी टणक लागणारी शुक्रवाहिनी. पूर्वजांनी सारेच शोध लावून ठेवले होते असे मानणाऱ्यांच्या पंगतीस बसण्याची प्रस्तुत लेखकाची इच्छा नाही. ज्या काळी सूक्ष्मदर्शक नव्हता आणि शुक्राणू कोणी पाहिला नव्हता त्या काळी केवळ जखमा पाहून एवढे अनुमान काढणे ही निरीक्षणाची शर्थ होती, इतकेच म्हणावयाचे आहे. मुतखडा काढताना ज्या जागा शस्त्रापासून वाचवावयाच्या त्यांच्या यादीतही सुश्रुताने शुक्रवह स्रोतसाचा समावेश केला आहे. म्हणजे हा घाव शत्रूच्या भाल्याने होतो तसा वैद्याच्या हातूनही होतो, हे त्यास ठाऊक होते. मात्र एक गोष्ट त्याने सांगितलेली नाही, आणि ती म्हणजे हाच घाव पाळण्यातल्या अर्भकास झाला तर त्याचे फल केव्हा व कोणाच्या दृष्टीस पडेल.

प्रस्तुत संग्रह त्या अनुत्तरित प्रश्नाभोवती गुंफला आहे. बालवयात शुक्रवाहिनीस इजा झाली असता पुढे त्या पुरुषाच्या जननक्षमतेचे काय होते, हा त्याचा विषय. विषयाचे नाव ऐकताच काहींच्या कपाळास आठ्या पडतील आणि काहींना तो चार तज्ज्ञांपुरता वाटेल. पहिल्या वर्गास एवढेच निवेदन की र. धों. कर्वे यांनी १९२७ साली सुरू केलेले ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक १९५३ साली स्वतःच्या मृत्यूपर्यंत, पदरमोड करून आणि न्यायालयाचे खेटे घालून चालविले, त्यामुळे या गोष्टी मराठीत शुद्ध शब्दांनी लिहिता येतात की नाही हा वाद केव्हाच फैसल झालेला आहे. दुसऱ्या वर्गाचे समाधान करण्यासाठी हे पुस्तक आहे.

आधी शरीराची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. शुक्राणू वृषणात उत्पन्न होतात, परंतु तेथून निघताना ते अपक्व असतात. वृषणाच्या पाठीशी बिलगलेल्या अधिवृषणात, उलगडली तर सुमारे ६ मीटर भरेल अशा एका नलिकेच्या गुंतवळ्यातून प्रवास करीत ते पक्व होतात आणि मग शुक्रवाहिनीत येतात. ही वाहिनी प्रौढ पुरुषात साधारणपणे ३० ते ४५ सेंटीमीटर लांब असते. तिची भिंत स्नायूंच्या थरांनी जाड झालेली असते, आणि आतील पोकळी मात्र बहुधा अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी, म्हणजे दाभणाच्या नव्हे तर बारीक सुईच्या छिद्राची. अंडकोशातून वर चढून, जांघेतील वंक्षणनलिकेतून पोटात शिरून, मूत्राशयाच्या मागे वळसा घेऊन ती शुक्राशयाच्या नलिकेस मिळते. इतका लांबचा फेरा कशासाठी, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर असे की गर्भावस्थेत वृषण पोटात, मूत्रपिंडाच्या शेजारी असते आणि जन्माच्या सुमारास ते खाली उतरताना आपली वाहिनी मागे ओढीत नेते. उतरताना ते पोटाच्या अस्तराची एक पिशवीही बरोबर नेते. ही पिशवी पुढे मिटावयाची असते. ती न मिटली आणि आतडे तिच्यात उतरू लागले, की आपले लोक ज्यास अंतर्गळ म्हणत आले आणि आज हर्निया म्हणतात तो विकार होतो. नुसते पाणी उतरले तर हायड्रोसिल. आणि ही पिशवी शुक्रवाहिनीस इतकी चिकटलेली असते की पिशवी बांधावयास गेलेल्या शल्यविशारदास, तान्ह्या मुलात जाड दोऱ्याएवढ्याच असलेल्या त्या वाहिनीला पिशवीच्या पातळ पडद्यावरून सोलून बाजूस सारावे लागते. या संग्रहातील अर्धे दुःख त्या सोलण्याच्या चार मिनिटांत सामावलेले आहे.

इजा झाली म्हणजे काय होते, हे समजावून देण्यास आमच्या धाराशिव जिल्ह्यातील शेतकऱ्याइतका योग्य श्रोता नाही. गोऱ्हा खच्ची करताना पशुवैद्यकीय दवाखान्यात बर्डिझो चिमट्याने कातडीवरूनच वृषणरज्जू चेंगरतात, हे त्याने शेकडो वेळा पाहिलेले असते. त्यानंतर वृषण सुकते, खांदा भरतो, माज जातो आणि जनावर नांगरास शांतपणे चालते. म्हणून जांघेतील ‘नस’ दुखावली की पुरुषत्व गेले, असा त्याचा हिशेब असतो. त्या हिशेबात एक चूक आहे, आणि ती १८२३ साली लंडनच्या ॲस्टली कूपर या शल्यविशारदाने एका कुत्र्यावर प्रयोग करून दाखविली. त्याने एका बाजूची शुक्रवाहिनी कापली आणि दुसऱ्या बाजूच्या रक्तवाहिन्या. रक्त तुटलेले वृषण नष्ट झाले. वाहिनी तुटलेले वृषण मात्र सहा वर्षांनंतरही शाबूत होते. बर्डिझोचा चिमटा रक्त तोडतो म्हणून बैल होतो. केवळ शुक्रवाहिनी तुटली तर वृषण जगते, पुरुषी संप्रेरक रक्तातून अंगभर जात राहते, दाढीमिशा येतात, आवाज फुटतो, कामेच्छा आणि कामशक्ती यथास्थित राहते. ज्या गोठ्यांत माजावर आलेल्या गाई ओळखण्यासाठी शुक्रवाहिनी कापलेला वळू कळपात सोडतात, तेथे हे प्रत्यक्ष पाहावयास मिळते: तो वळू सर्वार्थाने वळू असतो, फक्त गाय गाभण राहत नाही. माणसाच्या बाबतीत आणखी एक फसवणूक होते. वीर्याचा फार मोठा भाग शुक्राशय आणि प्रोस्टेट ग्रंथी यांच्या स्रावांचा असल्यामुळे, दोन्ही वाहिन्या बंद असलेल्या पुरुषाच्या वीर्यात डोळ्यांस काहीच उणे दिसत नाही. उणीव दिसते ती सूक्ष्मदर्शकाखाली.

मराठीत ‘नपुंसक’ हा एकच शब्द कामशक्ती नसणे आणि वीर्यात शुक्राणू नसणे या दोन्ही अवस्थांस लावला जातो, ही साधी भाषिक अडचण नव्हे. सुश्रुताच्या षांढ्यापासून चालत आलेला हा घोटाळा आजही पुरुषास तपासणीच्या दारातून परत फिरवितो. कारण वीर्यतपासणीस जाणे म्हणजे आपल्या पौरुषावर संशय मान्य करणे, असे तो समजतो. तो जात नाही, म्हणून बायको जाते. तुळजापूरला नवस बोलले जातात, सोलापूर-लातूरच्या दवाखान्यांत तिच्या गर्भनलिकांच्या तपासण्या होतात, दुर्बिणीतून पोट पाहिले जाते, वर्षामागून वर्षे तिला गोळ्या चालतात, वांझ हा शब्द शेजारपाजारी आधी कुजबुजत आणि मग उघड उच्चारला जातो, प्रसंगी दुसरे लग्नही होते. आणि नवऱ्याच्या जांघेत, कातडीच्या घडीत जवळजवळ लपून गेलेला, बोटभर लांबीचा एक पांढुरका व्रण इतकी वर्षे कोणी पाहिलेलाही नसतो. अशी जोडपी लेखकाने पाहिली आहेत. ‘लहानपणी काही ऑपरेशन झालं होतं का?’ या प्रश्नास नवरा बहुतेक वेळा ‘नाही’ असेच उत्तर देतो, आणि ते खोटे नसते. त्यास ते आठवत नसते. आठवते ते त्याच्या आईला, आणि आई बाहेर पायरीवर बसलेली असते.

बालपणीची इजा कोणकोणत्या वाटांनी होते, याचा पट बराच मोठा आहे. हर्निया आणि हायड्रोसिल यांच्या शस्त्रक्रिया त्यांत अग्रभागी. त्यानंतर खाली न उतरलेले वृषण उतरविण्याची शस्त्रक्रिया. त्यानंतर झाडावरून वा दुचाकीवरून पडणे, बैलाचे शिंग लागणे असे अपघात. क्षयाचे जंतू वाहिनीची माळ करून टाकतात, म्हणजे ती जागोजाग गाठाळते. काही मुले तर वाहिनीवाचूनच जन्मतात. त्या उणिवेचा संबंध ज्या जनुकाशी आहे ते जनुक १९८९ साली सापडले, आणि तो विषय या संग्रहाच्या कक्षेबाहेरचा असला तरी निदान करताना तो डोळ्यांआड करून चालत नाही. पण या साऱ्यांत जो अध्याय आमच्या प्रदेशाचा म्हणून खास सांगितला पाहिजे, तो देवीच्या रोगाचा आहे.

मुंबईतील ए. एम. फडके, सामंत आणि देवल या तिघा अभ्यासकांनी १९७३ साली ‘फर्टिलिटी अँड स्टेरिलिटी’ या अमेरिकन नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध करून असे दाखविले की देवी येऊन गेलेल्या वंध्य पुरुषांत शुक्राणूंचा मार्ग बंद झाल्याचे प्रमाण विलक्षण आहे. शरीराने आणि वृषणाने हे पुरुष धडधाकट होते; बालपणी आलेल्या रोगाने अधिवृषणातील नलिका आतल्या आत व्रण पाडून मिटविली होती. ज्याच्या चेहऱ्यावर देवीचे वण आहेत त्याच्या वंध्यत्वाचे कारण त्याच्या चेहऱ्यावरच लिहिलेले असू शकते, हे पाश्चात्त्य वैद्यकास सांगण्याचा मान मुंबईकडे आला, कारण पाश्चात्त्यांच्या चिकित्सालयांत असे चेहरे उरलेच नव्हते. भारतातील देवीचा शेवटचा रोगी १९७५ सालचा. म्हणजे त्या रोगाने घायाळ झालेली मुले पुढे तीस-चाळीस वर्षे लग्ने करीत होती आणि दवाखान्यांत येत होती. रोग गेल्यावरही त्याचे देणे फिटावयास एक पिढी लागली. बालपणीचा घाव आणि प्रौढपणीचे निदान यांमधील अंतर मोजावयाचे असेल तर याहून स्पष्ट माप दुसरे नाही.

शस्त्रक्रियेने होणाऱ्या इजेचा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे, कारण त्यात दोष आणि उपकार एकाच हाताने केलेले असतात. इटलीच्या बास्सिनीने १८८०च्या दशकात हर्नियाच्या शस्त्रक्रियेस शास्त्रीय रूप दिले. त्यानंतर लगेच, १८९९ साली, शिकागोच्या फर्ग्युसनने वृषणरज्जूला हातच लावू नये, त्यास त्याच्या जागीच निजू द्यावे, असा आग्रह धरला. येथून दोन पंथ चालू झाले, आणि एका अर्थाने ते अजून चालू आहेत. मुलांच्या हर्नियात प्रौढांसारखी भिंत दुरुस्त करावयाची नसते, केवळ पिशवी उंचावर बांधावयाची असते, हे १९५० साली शिकागोच्याच पॉट्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ठसविले, तेव्हा मुलांचा एक मोठा धोका टळला. पण १९५५ साली रोथेनबर्ग आणि बार्नेट यांनी असे प्रतिपादिले की एका बाजूस हर्निया असलेल्या अर्भकात दुसऱ्या बाजूसही पिशवी बहुधा उघडी असते, तेव्हा दोन्ही बाजू एकाच वेळी उघडून पाहाव्यात. आणि पुढील पंचवीस वर्षे जगभर निरोगी बाजूच्याही जांघा उघडल्या जाऊ लागल्या. या उत्साहास लगाम घातला तो टोरांटोच्या शँडलिंग आणि जॅनिक यांनी. १९८१ आणि १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या उंदरांवरील प्रयोगांत त्यांनी दाखविले की शुक्रवाहिनी कापावी लागत नाही. चिमट्यात क्षणभर धरली तरी तिची नासाडी होते. ज्या मुलाची एक बाजू दुखावली आहे त्याची दुसरी बाजू विनाकारण उघडणे म्हणजे त्याच्याजवळ उरलेली शिल्लक जुगारात लावणे होय, हा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. आणि प्रस्तुत लेखकाचा कौल निःसंशय त्यांच्या बाजूने आहे. आता दुर्बिणीतून पोटाच्या आतूनच दुसरी बाजू पाहता येते आणि वाहिनीला स्पर्श न करता पिशवीचे तोंड शिवता येते, त्यामुळे तो वाद बराच निवळला आहे; मात्र ज्या गावात दुर्बीण पोचलेली नाही तेथे तो १९८२ सालीच थांबलेला आहे.

हा अपघात किती वेळा घडतो? काढलेल्या पिशव्यांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करणाऱ्या एका अमेरिकन अभ्यासात, जो १९९९ साली प्रसिद्ध झाला, ७,३१४ मुलग्यांपैकी ०.२३ टक्के मुलांच्या पिशवीत शुक्रवाहिनीचा तुकडा आढळला. आकडा लहान आहे, आणि आईबापांनी तो लहानच मानावा. पण त्यात फक्त कापलेल्या वाहिन्या आल्या. चेंगरलेली, ताणलेली, दोऱ्यात अडकलेली वाहिनी काचपट्टीवर येत नाही. उलट बाजूने पाहणाऱ्या जपानमधील मात्सुदा प्रभृतींनी १९९२ साली असे नोंदविले की बालपणी हर्नियाची शस्त्रक्रिया झालेल्या आणि अपत्यहीनतेची तक्रार घेऊन आलेल्या पुरुषांपैकी २६.७ टक्के जणांत एका बाजूची वाहिनी बंद होती. पहिला आकडा सर्व मुलांचा, दुसरा केवळ दुःखितांचा. दोहोंची गल्लत करून घाबरणे किंवा घाबरविणे दोन्ही गैर.

येथे चौकस वाचक विचारील की एक बाजू बंद झाली तर दुसरी आहेच की. बहुतेकांच्या बाबतीत हे खरे आहे, आणि एक वाहिनी बंद असलेले कित्येक पुरुष चार-चार लेकरांचे बाप होऊन कधीच दवाखान्यात येत नाहीत. मग काहींचेच का अडते, याचे उत्तर रोगप्रतिकारशास्त्राने दिले. शरीर आपपरभाव शिकते ते गर्भात आणि शैशवात. शुक्राणू जन्मास येतात ते तारुण्याच्या उंबरठ्यावर. त्यामुळे प्रतिकारयंत्रणेच्या दफ्तरी त्यांची ‘आपले’ म्हणून नोंदच नसते, आणि वृषणाच्या भिंतीआड ते सुखरूप असतात ते केवळ नजरेआड असल्यामुळे. तुटलेल्या वाहिनीच्या टोकातून ते ऊतींत झिरपू लागले की शरीर त्यांना घुसखोर समजून त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते, आणि रक्तातून फिरणारी ही प्रतिद्रव्ये निरोगी बाजूच्या शुक्राणूंसही सोडीत नाहीत. वंध्य पुरुषांच्या रक्तात शुक्राणूंस एकमेकांस चिकटविणारी द्रव्ये १९५४ साली रुम्के याने हॉलंडमध्ये दाखविली. आणि शुक्रवाहिनी बंद असलेल्या पुरुषांतील अशा प्रतिद्रव्यांवरचा एक आरंभीचा निबंध १९६४ सालचा, पुन्हा मुंबईच्या ए. एम. फडके यांचा, पडुकोण यांच्या सहकार्याने लिहिलेला आहे. मराठी वाचकास ही नावे ठाऊक नसावीत याचे वैषम्य वाटते. नाटककारांच्या जयंत्या आपण साजऱ्या करतो; या माणसांचे निबंध परदेशी ग्रंथसूचींत सापडतात.

बालवयातील इजेचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. प्रौढ वयात नसबंदी झालेल्या पुरुषात वाहिनी एका ठिकाणी, अंडकोशात, हाताशी असते. बालकाच्या जांघेत तुटलेली वाहिनी मात्र मुलाच्या वाढीबरोबर दुरावत जाते. वरचे टोक पोटात आखडते, खालचे व्रणात गुरफटते, आणि मिसरूड फुटल्यानंतर शुक्राणूंचा दाब सुरू झाला की खाली अधिवृषणातील नाजूक नलिकाही फाटून दुसरा अडथळा उभा राहतो. दुरुस्ती करणाऱ्यास तेव्हा एका कुलुपाच्या दोन किल्ल्या शोधाव्या लागतात.

दुरुस्तीचा इतिहास १९०२ साली फिलाडेल्फियाच्या एडवर्ड मार्टिनने वाहिनी थेट अधिवृषणास जोडली तेथून सुरू होतो. परंतु त्यास विपुल अनुभवाचे बळ मिळाले ते भारतात, आणि त्याचे कारण अभिमानाचे आहे असे म्हणवत नाही. पुरुषनसबंदीची सरकारी मोहीम जेवढी मोठी, तेवढी पश्चात्तापाने परत येणाऱ्यांची संख्याही मोठी. मुंबईचे शल्यविशारद जी. एम. फडके यांनी १९६७ साली ‘जर्नल ऑफ युरॉलॉजी’त वाहिनी पुन्हा सांधलेल्या ७६ रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांपैकी ८३ टक्के जणांच्या वीर्यात शुक्राणू परत आले आणि ५५ टक्के जणांच्या घरी गर्भधारणा झाली. आणि हे सारे सूक्ष्मशल्यतंत्र प्रचारात येण्यापूर्वी. पुढे १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले, ज्यास राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही; त्याच वर्षाच्या जानेवारीत आमच्या वेशीवरच्या बार्शीत जी सक्तीची मोहीम झाली तिची चर्चा परदेशी लोकसंख्याशास्त्रीय नियतकालिकांपर्यंत गेली. परंडा-भूमकडील म्हातारी माणसे नातवाच्या हर्नियाचे नाव काढताच ‘नस तर कापणार नाहीत ना?’ असे का विचारतात, याचा उलगडा त्या जानेवारीत आहे. त्यांच्या प्रश्नास हसू नये. तो अडाण्याचा नसून अनुभवी माणसाचा प्रश्न आहे.

१९७०च्या दशकात सिडनीचा ओवेन आणि सेंट लुईसचा सिल्बर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने सांधण्याचे तंत्र रूढ केले. १९९१ सालच्या एका मोठ्या अमेरिकन संयुक्त अभ्यासात नसबंदीस ३ वर्षे न झालेल्यांपैकी ९७ टक्के जणांत शुक्राणू परतले व ७६ टक्के जणांच्या पत्नी गरोदर राहिल्या. १५ वर्षे उलटलेल्यांत हेच आकडे ७१ आणि ३० वर आले. काळ हा येथे केवळ साक्षी नसतो, पक्षकार असतो. त्यानंतर १९९२ साली ब्रुसेल्सहून वार्ता आली की एकच शुक्राणू सुईने बीजांडात सोडून गर्भ राहतो. आणि तेव्हापासून एक संप्रदाय असे म्हणतो की तुटलेली वाट दुरुस्त करण्याचा खटाटोप कशास, वृषणातून शुक्राणू काढून घ्यावेत म्हणजे झाले. दुसरा संप्रदाय म्हणतो की दुरुस्ती एकदा होते आणि पुढची अपत्ये घरी होतात, तर प्रयोगशाळेतील प्रत्येक प्रयत्नास नवे पैसे लागतात आणि सुया टोचल्या जातात त्या निरोगी बाईला. प्रस्तुत लेखकाचा कल दुसऱ्या बाजूस आहे, पण तो दुराग्रह नव्हे: वाहिनीचा लांब तुकडाच नाहीसा झाला असेल किंवा पत्नीचे वय उताराला लागले असेल, तर पहिला मार्गच शहाणपणाचा.

आता हा विषय धाराशिवहून का मांडावा, हे सांगितले पाहिजे. निजामी अमलात या जिल्ह्यातील माणसास शस्त्रक्रियेसाठी परमुलूख गाठावा लागे. येडशी किंवा ढोकी स्टेशनावर बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद डब्यात बसून कुर्डुवाडी-पंढरपूरमार्गे मिरजेच्या मिशन इस्पितळापर्यंत जाता येई, आणि तेही १९२७ साली लोहमार्ग मिरजेस पोचल्यावर. आज येथे २०२२ सालापासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, शासकीय आयुर्वेद महाविद्यालय त्याहून पुष्कळ जुने आहे, शाळांतून मुलांची तपासणी होते, आणि ज्या मुलांचे हर्निये पूर्वी लग्नापर्यंत लंगोटात बांधून ठेवले जात ते आता शिबिरांत शस्त्रक्रिया होऊन मोकळे होतात. ही प्रगती आहे. तिच्याविषयी किंतु उत्पन्न करणे हा या पुस्तकाचा हेतू नाही. अडकलेला हर्निया अर्भकाचे आतडे आणि वृषण दोन्ही कुजवितो, आणि न उतरलेले वृषण दीड वर्षाच्या आत उतरविले नाही तर ते पोटाच्या उष्णतेत आपोआप निकामी होत जाते. शस्त्रक्रिया टाळण्याने होणारी हानी शस्त्रक्रियेने होणाऱ्या हानीहून कितीतरी मोठी आहे.

परंतु जेथे शस्त्रक्रिया वाढतात तेथे नोंदी वाढल्या पाहिजेत, आणि त्या वाढलेल्या नाहीत. २०२३ साली मराठवाड्यात कुणबी दाखल्यांसाठी निजामकालीन दफ्तरांचा शोध सुरू झाला तेव्हा तहसिलांतील गाठोडी सुटली, मोडी आणि उर्दू वाचणारी माणसे धुंडाळून आणली गेली, आणि पणजोबाच्या नावापुढील एक शब्द शंभर वर्षांनंतरही सापडला. ज्या मुलुखात जमिनीचा आणि जातीचा कागद असा टिकतो, त्याच मुलुखात मुलाच्या कोणत्या जांघेस शस्त्र लागले, वाहिनी दिसली की नाही, ती ओळखून बाजूस ठेवली की नाही, हे सांगणारा चिठोरा पाच वर्षेही राहत नाही. पंचवीस वर्षांनी त्या मुलाची वाहिनी सांधू पाहणाऱ्यास तो चिठोरा सोन्याच्या मोलाचा असतो. इजा हातून झाली तर ती त्याच वेळी लिहून ठेवणारा शल्यविशारद लेखकाच्या मते अपराधी ठरत नाही. मौन पाळणारा ठरतो. आणि मौनाचे कारण नेहमी लबाडीच असते असेही नाही. पुष्कळदा जखम शिवून बाहेर येईपर्यंत त्यासही कळलेले नसते, आणि कळण्यास जी वर्षे लागतात ती त्याच्या निवृत्तीपलीकडची असतात.

या संग्रहात शारीर, शल्य, रोगप्रतिकार, दुरुस्ती आणि समाज अशी पाचही अंगे आली आहेत, पण ती समान मापाने आलेली नाहीत. जेथे ज्ञान दाट आहे तेथे लेखकांनी मुक्काम केला आहे आणि जेथे विरळ आहे तेथून ते झपाट्याने पुढे गेले आहेत. आयुर्वेदाच्या पाठ्यग्रंथातील विटप आणि आजच्या शल्यगृहातील वृषणरज्जू यांस एका पानावर आणण्याचा प्रयत्न काहींना धाडसाचा वाटेल. तो पूजेसाठी केलेला नाही. तुलनेने दोहोंची उणीव उघडी पडते, एवढ्यासाठी केला आहे. परिभाषा शक्यतो मराठी ठेवली आहे. मात्र हर्निया, प्रोस्टेट यांसारखे जे शब्द रुग्ण स्वतःच बोलतो त्यांची हकालपट्टी करण्याचा हट्ट धरलेला नाही. वैद्यकीय विद्यार्थ्याइतकाच हा ग्रंथ शाळामास्तर, आशाताई, वकील आणि सासू यांच्यासाठीही आहे, आणि या चौघांत सासूने तो वाचला तर श्रमाचे सार्थक झाले असे लेखक समजतील.

शेवटी वाचकास एक विनंती. ज्यांच्या घरी मुलाच्या जांघेची शस्त्रक्रिया झाली आहे किंवा व्हावयाची आहे, त्यांनी दवाखान्यातून निघताना डावी की उजवी, दिनांक कोणता, आणि शुक्रवाहिनी सुरक्षित पाहिली काय, एवढ्या तीन गोष्टी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्याव्यात, आणि तो कागद सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवावा. त्या पिशवीतला कागद आमच्याकडे सहसा हरवत नाही.

धाराशिव